कॉमाकाका

सोसायटीच्या बोर्डावर 'उद्या पाणि येणार नाही' असा कागद लागला की बाकीचे रहिवासी बादल्या भरायला पळतात. कॉमाकाका खिशातलं पेन काढतात, पहिली वेलांटी खोडतात, दुसरी देतात आणि दोन पावलं मागे सरून बघतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरात पाणी नसतं, पण नोटिशीतलं पाणी शुद्ध असतं.

हॉटेलात 'थालिपिठ' वाचून त्यांची भूक मरते. लग्नपत्रिका आली की मुलगी कुणाची, कार्यालय कुठलं, जेवण आहे की नुसतं रिसेप्शन, हे काकू बघतात. काका 'आशिर्वाद' शोधतात. सापडतोच. राज्य सरकारने १९६२ साली मान्य केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली ४ नियमांची भर, असे १८ नियम त्यांना क्रमांकासकट पाठ आहेत. आणि असा हा माणूस हिंजवडीत दिवसभर इंग्रजी लिहून पोट भरतो.

नाव आमच्या टीमने ठेवलेलं आहे. त्याचा वयाशी संबंध नाही. या जातीचा माणूस पंचविशीतच काका होतो. बायकांमध्येही ही जात आहे, पण 'कॉमाकाकू' अशी हाक मारण्याची हिंमत अजून कुणी केलेली नाही. हुद्दा टेक्निकल रायटर. म्हणजे सॉफ्टवेअर कसं बसवायचं, कसं चालवायचं, आणि चालेनासं झालं की कुठे बघायचं, हे लिहिणारा. रिलीजच्या आदल्या रात्री सगळ्यांना त्याची आठवण येते. रिलीजचा केक कापतानाच्या फोटोत तो नसतो, कारण तेव्हा तो रिलीज नोट्समधलं शेवटचं पूर्णविराम-प्रकरण मिटवत असतो.

पूर्वी बरं होतं. डॉक्युमेंटेशन वर्डच्या फाइलीत असायचं आणि फाइल काकांच्या मशीनवर. लिहिणारे तेच, तपासणारे तेच, वाचणारेही बहुधा तेच. मग डॉक्स कोडच्या शेजारी गिटमध्ये आले. साध्या मार्कडाउनमध्ये लिहायचं, कोडसारखाच पुल रिक्वेस्ट पाठवायचा, कुणीतरी रिव्ह्यू करायचा, मर्ज. कल्पना उत्तम. ज्याने फीचर बांधलं त्यानेच त्याचं पान लिहावं, हेही योग्य. त्यामुळे सगळे लिहू लागले आणि काकांच्या दुःखाला तिथून सुरुवात झाली.

कुणी बिचारा डेव्हलपर रात्री जागून नव्या फीचरचं पान लिहायचा. सकाळी उघडून बघतो तर खाली काकांच्या कॉमेंट्सची माळ. तिसऱ्या ओळीत 'अँड'च्या आधी कॉमा हवा. शीर्षकात फक्त पहिलं अक्षर मोठं. 'विल' नको, वर्तमानकाळात लिहा. 'ई.जी.' नको, 'फॉर एक्झांपल' लिहा. 'गिटहब'मधला एच मोठा. गूगलने आपल्या डेव्हलपर डॉक्युमेंटेशनचा स्टाइल गाइड २०१७ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला, त्यामुळे प्रत्येक कॉमेंटला शास्त्राधाराची लिंकही जोडलेली. फीचर चांगलं की वाईट, पानात सांगितलेलं खरं की खोटं, याबद्दल चकार शब्द नाही. काका वाक्य वाचतात. पान वाचत नाहीत.

डेव्हलपरचं उत्तर ठरलेलं: "काका, पण अर्थ कळतोय ना?"

या एका प्रश्नाने काकांचं रक्त जेवढं आटलं असेल तेवढं तीस वर्षांच्या नोकरीनेही आटलं नसेल. ते लांबलचक उत्तर लिहायचे. समोरचा त्याहून लांब लिहायचा. कॉमा राहायचा बाजूला, आणि दोघं कँटीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसायचे. पोरं मग आपले पुल रिक्वेस्ट काका रजेवर असतील त्या दिवशी टाकू लागली. गणपतीत एकदा काका पाच दिवस कोकणात गेले. त्या पाच दिवसांत जेवढं डॉक्युमेंटेशन मर्ज झालं, तेवढं आधीच्या तिमाहीत झालं नव्हतं.

मग व्हेल आलं.

व्हेल हे मोफत, मुक्त-स्रोत टूल आहे. कोडऐवजी गद्य तपासतं. एका फोल्डरमध्ये नियमांच्या छोट्या छोट्या फाइली ठेवायच्या. कुठला शब्द किंवा नमुना शोधायचा, सापडला तर काय म्हणायचं आणि किती गंभीरपणे म्हणायचं, एवढं फाइलीत लिहायचं. पुल रिक्वेस्ट आला की हे सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत, चालतं आणि ओळीओळीवर बोट ठेवतं. गूगल, मायक्रोसॉफ्ट यांच्या स्टाइल गाइडांवरून केलेले तयार संचही मिळतात. काकांनी ते सगळे उतरवून घेतले.

त्याआधी टपरीवर आम्हाला इतिहास ऐकावा लागला. १९७८ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सनने सी भाषेतला संशयास्पद कोड पकडायला 'लिंट' लिहिलं. पण त्याच बेल लॅब्जमध्ये लोरिंडा चेरी या बाईंनी पुढे 'स्टाइल' आणि 'डिक्शन' असे दोन प्रोग्रॅम लिहिले: एक वाक्यांची लांबी-रुंदी मोजणारा, दुसरा फापटपसारा असलेले शब्दप्रयोग पकडणारा. "म्हणजे बघा," काका म्हणाले, "कोड तपासायला लागले त्याच सुमाराला लोक गद्यही तपासायला लागले होते. आपल्याकडे चाळीस वर्षं फक्त कोड तपासला." चहा गार झाला होता. टपरीवाल्याने तो न सांगता बदलून दिला. तो काकांना ओळखतो.

त्यांच्या या आनंदाचं खरं कारण मला थोडं उशिरा कळलं. काकांना चुका पकडायचा कधीच कंटाळा नव्हता. कंटाळा होता तो चुका पकडणारा म्हणून ओळखलं जाण्याचा. आता कॉमेंट टाकणारा बॉट. त्याला चेहरा नाही, रजा नाही, कोकण नाही. पोरगा तणतणत डेस्कपाशी आला की काका खुर्ची वळवतात, दोन्ही हात वर करतात आणि म्हणतात, "अरे बाबा, मी कुठे काय म्हणतोय? व्हेल म्हणतंय." आणि वर सहानुभूतीही: "कडकच आहे ते जरा." नियमाची फाइल आदल्या रात्री स्वतःच लिहिलेली असते.

या सबबीवर काका दहा वर्षांनी तरुण झाले. कँटीनमध्ये पुन्हा सगळ्यांच्या टेबलावर बसू लागले. शिव्या बॉटला पडायच्या, आणि शिव्या देणाऱ्यांत काका सगळ्यात पुढे.

पहिल्यांदा व्हेल सगळ्या जुन्या डॉक्सवर चालवलं तो दिवस मात्र बघण्यासारखा होता. टर्मिनलवर ओळी धावू लागल्या त्या थांबेचनात. सूचना हजारोंच्या घरात. मॅनेजरचा चेहरा पडला, काकांचा उजळला. कित्येक वर्षं एकट्याने जे सोसलं त्याला आज साक्षीदार मिळाला होता. मॅनेजरने एकच प्रश्न विचारला, "याने रिलीज अडणार का?" आणि तह झाला. जुनं जसं आहे तसं राहू द्यायचं. फक्त नव्या बदललेल्या ओळी तपासायच्या. व्हेलमध्ये तीन दर्जे असतात: सजेशन, वॉर्निंग, एरर. एररने बिल्ड लाल होतो, म्हणजे बदल पुढे जात नाही; बाकी दोन नुसतं सांगतात. तहात असं ठरलं की बहुतेक नियम वॉर्निंग राहतील.

काकांना हे अजिबात पसंत नव्हतं. "पुण्यात वॉर्निंग म्हणजे हेल्मेट," ते म्हणाले. "सक्ती आहे हे सगळ्यांना माहीत आहे." हे मात्र खरं ठरलं. महिन्याभरात पिवळ्या वॉर्निंग कुणाला दिसेनाशा झाल्या. तेव्हा दर शुक्रवारी संध्याकाळी, लोक बसच्या रांगेत असताना, काका एकेका नियमाचा दर्जा हळूच चढवू लागले. सोमवारी सकाळी कुणाचा तरी बिल्ड लाल. "मी कुठे काय..." वगैरे.

पण पोरंही हिंजवडीची. पहिला शोध लागला एका ट्रेनीला: मार्कडाउनमध्ये 'व्हेल ऑफ' अशी कॉमेंट टाकली की तिथून पुढे तपासणी बंद, 'व्हेल ऑन' येईपर्यंत. सोय चांगल्या हेतूने केलेली आहे. एखादं जसंच्या तसं ठेवायचं अवतरण असेल तर ते वगळायला. ट्रेनीने फाइलच्या पहिल्या ओळीत 'ऑफ' टाकलं आणि 'ऑन' टाकायला तो विसरला. पंधरा दिवसांत निम्म्या फाइली विसरल्या.

ते काकांनी पकडलं, तेव्हा दुसरा मार्ग निघाला, आणि तो मला आजही मानवी बुद्धीचा नमुना वाटतो. बॅकटिक या तिरक्या खुणांमध्ये लिहिलेला मजकूर म्हणजे कोड, आणि कोडमधलं गद्य व्हेल तपासत नाही. तपासूही नये, आज्ञेचं नाव कसं लिहायचं हे स्टाइल गाइड कसं ठरवणार? पण म्हणून आमच्या एकाने लाल झालेला प्रत्येक शब्द बॅकटिकमध्ये घालायला सुरुवात केली. 'विल'ला बॅकटिक. 'ई.जी.'ला बॅकटिक. 'व्हेरी इझी'ला एकत्र बॅकटिक. बिल्ड हिरवा. साइटवर पान उघडलं तर दर तिसरा शब्द करड्या चौकटीत, टाइपरायटरच्या अक्षरांत. ग्राहकाने विचारलं, "'व्हेरी इझी' ही कमांड लिनक्सवर चालते का?"

काकांनी एका फाइलीत किती बॅकटिक चालतील यावर नियम लिहिला. तसा लिहिता येतो.

आता काकांच्या बाजूनेही थोडं सांगायला हवं, कारण एका बाबतीत ते नुसते बरोबर नाहीत, फारच बरोबर आहेत. त्यांनी लिहिलेला पहिला नियम कॉमाचा नव्हता. 'सिंप्ली', 'जस्ट', 'इझिली', 'ऑब्व्हियसली' हे चार शब्द दिसले की एरर, असा तो होता. डॉक्युमेंटेशन कोण वाचतं आणि कधी वाचतं, हे त्या नियमामागे आहे. सगळं सुरळीत चाललेलं असताना कुणी वाचत नाही. रात्री दोन वाजता सर्व्हर पडलेला असतो, साहेब कॉलवर असतात, आणि पानावर लिहिलेलं असतं, 'आता नुसती ही कमांड चालवा.' ती चालत नाही. लिहिणाऱ्याला ते 'नुसती' जाणवलेलंही नसतं, पण वाचणाऱ्याला ते सांगतं की बाबा रे, हे सोपं आहे, अडलेला तूच आहेस. दुसऱ्या माणसाने 'हा शब्द काढ' म्हटलं की लिहिणारा वाद घालतो. यंत्राने म्हटलं की काढतो. तो नियम आल्यापासून आमचे डॉक्स जरा माणुसकीने बोलू लागले, हे मी लेखी द्यायला तयार आहे. (बॅकटिक न घालता.)

पण नियमाला काकांचा जीव असला तरी डोळे नसतात. कर्मणी प्रयोग टाळा, असा एक नियम आहे. त्याला व्याकरण कळत नाही, नमुना कळतो: 'इज', 'वॉज' यांतलं काही आलं आणि पुढचा शब्द इंग्रजी 'ईडी'ने संपला, की कर्मणी. आमच्या हार्डवेअरच्या पानावर वाक्य होतं, 'द लाइट इज रेड'. 'रेड' ईडीने संपतो. व्हेल म्हणालं, कर्मणी प्रयोग टाळा. ट्रेनीने दिवा हिरवा केला. पानावर. बिल्ड हिरवा झाला, आणि आमच्या डॉक्सनुसार ते उपकरण आठवडाभर बिघडल्यावर हिरवा दिवा दाखवत होतं.

स्पेलिंगची तपासणी तर आणखी सभ्य. शब्दकोशात नसलेला शब्द दिसला की ती चूक म्हणत नाही. अदबीने विचारते, 'डिड यू रिअली मीन' अमुक? ऑफिसचा पत्ता असलेल्या पानावर तिने विचारलं: तुम्हाला खरंच 'हिंजवडी' म्हणायचं होतं का? वाकडच्या पुलावर रोज सकाळी अडकणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रश्न पडतो. दुसऱ्या एका पानावर टीमची आडनावं होती. जोशी, गायकवाड, वाघमारे, देशपांडे. सगळ्यांना तोच प्रश्न. परदेशातल्या ऑफिसातला एक मिलर तेवढा सुटला.

त्यावर उपाय म्हणजे स्वीकृत शब्दांची यादी: 'अॅक्सेप्ट' नावाची साधी टेक्स्ट फाइल. त्यात शब्द घातला की व्हेल त्याला सोडतं. फाइल बदलायला काकांची मंजुरी लागते. त्यामुळे काकांच्या डेस्कपाशी अर्जदार येऊ लागले.

"काका, 'प्रीपोन' घ्या ना यादीत."

"ग्राहक ओहायोत बसलाय. त्याला कळेल का प्रीपोन?"

"पोस्टपोन कळतं ना? मग उलटं का नाही कळणार?"

"'अर्लियर' लिही."

"अहो काका, पण ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे."

"भारतीय इंग्रजी म्हणून आहे."

"मग आपण कोण आहोत?"

इथे काका गप्प झाले. या प्रश्नाचं उत्तर १८ नियमांत नव्हतं. दोन दिवस त्यांनी विचार केला आणि शब्द नाकारला. पण नाकारताना पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात 'व्हेल म्हणतंय' नव्हतं. उट्टं काढायला त्यांनी नाकारलेल्या शब्दांच्या दुसऱ्या यादीत 'डू द नीडफुल' आणि 'रिव्हर्ट बॅक' घातले. दोन्ही प्रयोग आमच्या मॅनेजरच्या प्रत्येक ईमेलात असतात. ईमेल व्हेलच्या कक्षेत येत नाही, याचं काकांना अतोनात वाईट वाटतं.

घरीही थोडंफार असंच आहे. मुलगा फॅमिली ग्रुपवर 'hv' लिहितो, तेव्हा काका त्याला 'have' पाठवतात. मुलाने ग्रुप म्यूट केला आहे. काकूंनी पुढची पायरी गाठली आहे: किराणा मालाची यादी त्या काकांना तोंडी सांगतात.

सध्या मात्र काका अस्वस्थ आहेत. टीममधल्या एका मुलाने नव्या फीचरचं अख्खं पान एआयकडून लिहून घेतलं आणि पुल रिक्वेस्ट टाकला. व्हेल चाललं. खाली एकच ओळ आली: झिरो एरर्स, झिरो वॉर्निंग्ज, झिरो सजेशन्स, इन वन फाइल.

काकांनी पुन्हा चालवलं. तेच. सगळे नियम चालू आहेत ना, हे तपासलं. होते. कॉमे जागच्या जागी, शीर्षकांत एकच मोठं अक्षर, 'सिंप्ली' कुठे नाही, वाक्यं सगळी मोजून मापून. एवढं निर्दोष गद्य काकांनी स्वतःचंही कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी जे केलं ते करताना मी त्यांना आजवर पाहिलेलं नाही. खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला, आणि पान वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, बोट फिरवत. चौथ्या परिच्छेदात एक कमांड होती आणि तिच्या पुढे एक फ्लॅग. काकांनी टर्मिनल उघडून ती चालवली. असा फ्लॅग नाही, असं उत्तर आलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो कधी नव्हताच.

काकांनी मुलाला बोलावलं. "हा फ्लॅग कुठून आणलास?"

मुलाने वाकून स्क्रीन बघितला. हिरवी टिक बघितली. मग दोन्ही हात वर केले.

"मी कुठे काय म्हणतोय, काका? व्हेल म्हणतंय बरोबर आहे."

त्या शुक्रवारी काका बस सोडून उशिरापर्यंत थांबले. आता नवा नियम आला आहे. फाइलीत एकही चूक सापडली नाही, तर एरर. व्हेलमध्ये असं नेमकं कसं बसवायचं, यावर काकांचं अजून डोकं चालू आहे; पण फाइलीचं नाव ठरलं आहे, आणि ते त्यांनी तीनदा तपासून घेतलं आहे.